छप्पर कुणाचं, माणूस कोण? कोल्हापूरची बोर्डिंगं आणि घर हरवलेली मुलं

आजचा विषय तसा रोजच्या वर्तमानपत्रातला आहे. घर नसलेली, घर तुटलेली, घरातून निघून आलेली तेरा ते अठरा वर्षांची मुलं आणि मुली. त्यांचं काय करायचं, हा प्रश्न आपण साधारणपणे समाजकार्य करणाऱ्यांवर सोडून देतो. इतिहासाच्या व्याख्यानात तो कशाला, असंही कुणाला वाटेल. पण कोल्हापूरच्या इतिहासात या प्रश्नाला एक फार मोठं उत्तर दिलं गेलं आहे. त्या उत्तरात काय जमलं आणि कोण बाहेर राहिलं, हे आज आपण बघू.

सुरुवात कसबा बावड्यापासून करायची. बावडा म्हटलं की आपल्याला पंचगंगा आठवते, राजाराम बंधारा आठवतो, लाईन बझार आठवतो, साखर कारखाना आठवतो. आणि अर्थात लक्ष्मी विलास पॅलेस. २६ जून १८७४ रोजी याच वाड्यात कागलकर घाटग्यांच्या घरी एक मुलगा जन्मला. नाव ठेवलं यशवंतराव. हेच पुढे राजर्षी शाहू महाराज. हे सगळं आपल्याला पाठ आहे. दर वर्षी २६ जूनला आपण तिथं जातो, हार घालतो, परत येतो.

पण त्या मुलाचं बालपण जरा वेगळ्या नजरेनं बघा. तीन वर्षांचा असताना आई राधाबाई गेल्या. १८८३ च्या डिसेंबरात कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज अहमदनगरला कैदेसारख्या अवस्थेत वारले आणि गादी रिकामी झाली. १७ मार्च १८८४ रोजी या मुलाला आनंदीबाई राणीसाहेबांच्या ओटीत दत्तक दिलं. तेव्हा त्याचं दहावं वर्ष चालू होतं. घर बदललं, नाव बदललं, आईबाप कागदावर बदलले. आणि दोनच वर्षांनी, १८८६ साली, जन्मदाते वडील आबासाहेब घाटगेही गेले. म्हणजे बाराव्या वर्षी हा मुलगा जन्माच्या नात्यानं पोरका झाला होता.

आता कुणी म्हणेल, राजाचा मुलगा कसला पोरका? दिमतीला शेकडो माणसं. बरोबर आहे. पोटाची ददात त्याला कधीच नव्हती आणि रस्त्यावरच्या मुलाशी त्याची बरोबरी आम्ही करत नाही. मुद्दा दुसराच आहे. हे दत्तक गादीसाठी होतं. वारस हवा होता म्हणून मूल घेतलं गेलं. तरीही त्या व्यवस्थेत एक गोष्ट नीट सांभाळली गेली. राजकोटच्या राजकुमार कॉलेजात पाठवताना त्याला एकटं पाठवलं नाही, धाकटे बंधू बापूसाहेब बरोबर होते. पुढे धारवाडला १८९० ते १८९४ या काळात फ्रेझर यांच्या देखरेखीखाली शिक्षण झालं, तेव्हाही बरोबरीची मुलं सोबत होती. छप्पर तर होतंच, शिवाय रोज विचारपूस करणारं माणूस होतं आणि बरोबरीचं कुणीतरी होतं. या तीन गोष्टी लक्षात ठेवा. आज पुन्हा पुन्हा त्यांच्याकडे यायचं आहे.

त्याच सुमाराला पुण्यात आणखी एक दत्तकविधान झालं होतं. त्या मुलाचंही नाव यशवंतच. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवांना तिथं गुपचूप बाळंत होता येत असे. तिथंच आलेल्या एका स्त्रीचं मूल या जोडप्यानं १८७४ च्या सुमारास स्वतःचं म्हणून घेतलं. इथं गादी नव्हती, इस्टेट नव्हती. मुलाला घर हवं होतं, एवढंच कारण. हा यशवंत पुढे डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाईंच्या बरोबरीनं रुग्णांसाठी राबला. एक यशवंत राजवाड्यात, एक यशवंत पुण्याच्या पेठेत. वंशासाठी मूल घेणं आणि मुलासाठी घर देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या समाजात पहिली प्रथा जुनी आहे. दुसरी अजूनही रुजायची आहे.

वारावर जेवणारी मुलं आणि न जेवू शकणारी मुलं

बोर्डिंगच्या आधी काय होतं? खेड्यातला मुलगा शिकायला शहरात आला की राहायचा कुठं, जेवायचा कुठं? त्यावर आपल्याकडे एक जुनी सोय होती. माधुकरी मागणं किंवा वार लावून जेवणं. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. सात घरं मिळून एका पोराचं पोट भरायची. थोड्याशा शिळ्या भाकरीवर आणि बऱ्याचशा अपमानावर अशी किती मुलं शिकली, हे जुन्या आत्मचरित्रांत भरपूर वाचायला मिळतं. आजच्या भाषेत बोलायचं तर हा गल्लीनं चालवलेला सामाजिक कार्यक्रमच होता. पैसा कमी, कागद शून्य, पण सात घरांत ओळख.

आता यात अडचण कुठं आहे बघा. जेवणाचे नियम जातीचे होते. वार लावून जेवायची सोय प्रामुख्यानं ब्राह्मण मुलांना होती, कारण शहरात शिकलेली, पोटाला लागून उरेल अशी घरं त्यांच्या नात्यागोत्याची होती. कुणब्याच्या पोराला, शिंप्याच्या पोराला, मुसलमानाच्या पोराला वार कोण देणार? महाराचं, चांभाराचं पोर तर ओसरीवरही चढू शकत नव्हतं. म्हणजे शाळेचं दार कायद्यानं उघडं असलं तरी रात्रीची भाकरी नाही म्हणून मूल परत गावी जायचं. बोर्डिंगचा जन्म इथं आहे, या रात्रीच्या भाकरीत.

२ एप्रिल १८९४ रोजी शाहू महाराजांनी कारभार हाती घेतला. पाठोपाठ दुष्काळ आला, प्लेग आला. दुष्काळी कामांवर खडी फोडायला येणाऱ्या बायकांची तान्ही मुलं सांभाळायला कामाच्या जागीच शिशुगृहं काढली गेली. ही तेव्हाच्या मानानं फार पुढची गोष्ट होती. आई कामावर आणि मूल जवळच, कुणाच्यातरी नजरेखाली. मूल आईपासून तोडून कुठल्या आश्रमात नेलं नाही.

वसतिगृहाच्या बाबतीत मात्र महाराजांना वाट बदलावी लागली. आधी सगळ्या जातींच्या मुलांसाठी एकत्र वसतिगृहाचा प्रयत्न झाला. प्रत्यक्षात तो एका वर्गापुरता उरला. बाकीची मुलं टिकेनात. मग महाराजांनी प्रत्येक समाजाला हाताशी धरलं. १८ एप्रिल १९०१ रोजी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं. त्याच वर्षी जैन बोर्डिंग. १९०६ साली मुस्लिम बोर्डिंग, १९०७ साली लिंगायत, १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. हे नाव मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या मुलीचं. पुढे नामदेव शिंपी, दैवज्ञ, सारस्वत, ख्रिस्ती अशी रांगच लागली. आजही दसरा चौकात उभं राहिलं की यातल्या काही इमारती नजरेच्या टप्प्यात येतात. कोल्हापूरला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणतात ते यासाठी.

ही व्यवस्था टिकली कशी, ते जरा उलगडून सांगतो. दरबारानं जागा दिली, इमारतीला मदत दिली आणि कायमचं उत्पन्न लावून दिलं. मुसलमान समाजातून पुढाकार घ्यायला कुणी लवकर तयार होईना, तेव्हा महाराज स्वतः त्यांच्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष झाले आणि दर्ग्यांच्या, मशिदींच्या इनामाचं उत्पन्न मुलांच्या शिक्षणाकडे वळवलं. पण रोजचा कारभार समाजाच्या हातात ठेवला. कोण मुलगा घ्यायचा, कोण सुपरिंटेंडेंट, धान्य कुठून यायचं, हे समाजातली शिकलेली माणसं बघायची. म्हणजे पैसा आणि पाठबळ सरकारचं, माणुसकी शेजारपाजारची. यातलं एक काढलं तर दुसरं पडतं. नुसता सरकारी पैसा असला की तुरुंगासारखी इमारत उभी राहते. नुसती माणुसकी असली की पहिल्या दुष्काळात चूल विझते.

जे आत आले नाहीत

इथपर्यंतचा इतिहास आपण अभिमानानं सांगतो आणि सांगावाच. पण आम्हाला वाटतं, यातल्या तीन फटींकडेही बघायला हवं. कारण आजची बेघर मुलं नेमकी या फटींतूनच खाली पडतात.

पहिली फट. बोर्डिंगमध्ये येणाऱ्या बहुतेक मुलांना घर होतं. खेड्यात आईबाप होते, चार गुंठे जमीन होती, सुट्टीला जायला गाव होतं. त्यांना शहरात घर नव्हतं, इतकंच. ज्याला मागं कुणीच नाही, ज्याचा समाज कुठला हेच सांगता येत नाही, त्याच्यासाठी कुठलं बोर्डिंग? समाजानं चालवलेल्या घरात शिरायला आधी समाज लागतो. अनाथाला तोच नसतो.

ही भिंत ओलांडायचा प्रयत्न याच जिल्ह्यातल्या एका मुलानं केला. भाऊराव पायगोंडा पाटील, जन्म १८८७, कुंभोज. कोल्हापुरात शिकताना ते जैन बोर्डिंगात राहत. मिस क्लार्क बोर्डिंगच्या कार्यक्रमाला ते गेले आणि परतल्यावर विटाळाची आंघोळ करायला तयार झाले नाहीत, म्हणून त्यांना बोर्डिंग सोडावं लागलं, असं त्यांच्या चरित्रांतून सांगितलं जातं. म्हणजे काही काळ हा मुलगा स्वतःच बिनछपराचा झाला, आणि मग महाराजांच्या आश्रयाला राहिला. याच भाऊरावांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळ काले इथं रयत शिक्षण संस्था स्थापली आणि १९२४ साली साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचं एकत्र बोर्डिंग सुरू केलं. १९२७ साली गांधीजी तिथं आले. त्या बोर्डिंगला नाव मिळालं छत्रपती शाहूंचं.

त्या बोर्डिंगात मुलं एका पंगतीला बसायची, स्वयंपाक, झाडलोट, शेतातलं काम मिळून करायची. पण ते चाललं ते एका बाईच्या जिवावर. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या या माउलीनं जातीपातीची पोरं आपल्या चुलीशी घेतली. अंगावरचे दागिने एकेक करून गेले. एकदा घरात धान्याचा दाणा नव्हता आणि भाऊराव गावात नव्हते, तेव्हा त्यांनी मंगळसूत्र मोडून मुलांना जेवू घातलं. १९३० साली त्या गेल्या. रयतच्या इतिहासात भाऊरावांचं नाव मोठं आहेच, पण ती पोरं रात्री कुणाच्या हाकेला ओ देत होती, हा प्रश्न विचारला की उत्तर लक्ष्मीबाई असं येतं. संस्था आणि घर यातलं अंतर ज्या माणसामुळे मिटतं, त्या माणसाचा पगार, विश्रांती, म्हातारपण याचा हिशेब आपण कधीच केला नाही. आजही बालगृहातल्या काळजीवाहिकेचा तो होत नाही.

दुसरी फट मुलींची. वर सांगितलेली सगळी बोर्डिंगं आठवा. मुलगी कुठं आहे? जवळजवळ नाहीच. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीचं घर म्हणजे सासर, असंच सगळे धरून चालत. पण सासरच कोसळलं तर? कोल्हापूरच्या राजघराण्यातच ते घडलं. महाराजांचे धाकटे चिरंजीव प्रिन्स शिवाजी १२ जून १९१८ रोजी शिकारीच्या अपघातात गेले. त्यांच्या पत्नी इंदुमतीदेवी तेव्हा जेमतेम अकरा-बारा वर्षांच्या होत्या. लग्नाला वर्ष झालेलं. त्या काळच्या रीतीप्रमाणे पुढचं सगळं आयुष्य एका खोलीत जायचं. महाराजांनी घरच्यांचा विरोध पत्करून या सुनेला सोनतळीच्या बंगल्यात ठेवलं आणि तिच्या शिक्षणाची व्यवस्था केली. तिला एकटं वाटू नये म्हणून वेगवेगळ्या जातींच्या काही मुली तिच्यासोबत राहायला आणि शिकायला आणल्या. बघा, धारवाडचाच धडा. छप्पर, देखरेख आणि सोबत. इंदुमतीदेवींनी पुढे कोल्हापुरात स्त्रीशिक्षणाचं काम उभं केलं.

पण हे राजघरातल्या एका सुनेला मिळालं. बाहेरच्या मुलींसाठी कायदे झाले, १९१७ साली विधवा पुनर्विवाहाचा आणि १९२० साली देवदासी, जोगतिणींच्या प्रथेविरुद्धचा. कायद्यानं मुलीला देवाला सोडणं थांबवता येतं. मग ती रात्री कुठं झोपणार, याचं उत्तर कायद्यात नसतं. पुण्याजवळ हिंगण्याला अण्णासाहेब कर्व्यांनी १९०० साली आपला अनाथ बालिकाश्रम नेला, तो या कारणासाठीच. अशी ठिकाणं मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती.

तिसरी फट शिक्क्याची. इंग्रजी राज्यात घर नसलेलं मूल म्हणजे उद्याचा चोर, असं समीकरण होतं. मुंबईत ससून यांच्या देणगीतून १८५७ साली जी सुधारशाळा निघाली, ती याच विचारातून. १९२४ साली मुंबई इलाख्यात मुलांसाठीचा कायदा आला आणि 'रिमांड होम' हा शब्द आपल्या बोलण्यात शिरला. निराधार मूल आणि गुन्हा केलेलं मूल, दोघं एकाच फाटकातून आत. आजही गल्लीत एखादं पोर वांड निघालं की 'रिमांड होमला टाकीन' ही धमकी असते. शाहू महाराजांनी १९१८ साली गुन्हेगार ठरवलेल्या जमातींची रोजची हजेरी बंद केली, फासेपारध्यांना सोनतळीला वसवलं, पहाऱ्याच्या कामावर घेतलं. ज्याला चोर म्हणतात त्याच्याच हातात पहारा दिला. शिक्का पुसायचा तो असा, भाषणानं नाही.

आजचा बावडा

आता आजच्याकडे येऊ. बावड्यात कारखाना आहे. कारखाना म्हटला की ऊसतोड आली. दिवाळीच्या आसपास मराठवाड्यातून, बीडकडून टोळ्या येतात आणि चार-पाच महिने पालात राहतात. सगळ्या कोल्हापूर जिल्ह्याचं हे चित्र आहे. विटभट्ट्यांचंही तेच. त्यांच्याबरोबर आलेलं पंधरा वर्षांचं पोर कागदावर बेघर नाही, त्याला गावी घर आहे. पण वर्षातले पाच महिने त्याला शाळा नाही, पत्ता नाही, आणि मुलगी असेल तर सुरक्षितताही नाही. म्हणून तिचं लग्न लवकर उरकलं जातं. बोर्डिंगच्या काळात मूल शहरात यायचं आणि आईबाप गावी राहायचे. आता कधी आईबाप उसात आणि मूल गावी आजीपाशी, तर कधी सगळेच पालात. कोल्हापुरातच 'अवनि' ही संस्था अशा मुलांसाठी काम करते. अन्न, वस्त्र, निवारा या तीन शब्दांची आद्याक्षरं म्हणजे अवनि.

आजचा कायदा काय म्हणतो? २०१५ चा बालन्याय कायदा स्पष्ट सांगतो की संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. आधी स्वतःचं कुटुंब, मग नातेवाईक, मग सांभाळणारं दुसरं कुटुंब, आणि काहीच नसेल तर बालगृह. आपल्या राज्यात बालसंगोपन योजना आहे. आईबाप नसलेलं, एकच पालक असलेलं, पालक गंभीर आजारी किंवा तुरुंगात असलेलं मूल नातेवाइकांकडे किंवा दुसऱ्या कुटुंबात वाढावं म्हणून ही मदत. २०२३ साली ती महिन्याला २२५० रुपये झाली आणि योजनेला सावित्रीबाईंचं नाव दिलं गेलं. नाव योग्यच आहे. दुसऱ्याचं मूल पदरात घेणं काय असतं, हे त्यांनी करून दाखवलं होतं.

२२५० रुपयांत काय होतं, असं विचारणारे भेटतात. घर चालत नाही हे खरं. पण चुलत्याच्या घरात पोरक्या मुलाकडे 'आणखी एक तोंड' म्हणून बघितलं जातं, ती नजर थोडी बदलते. मुलाची वही, चप्पल, परीक्षेची फी सुटते. आणि योजना नीट चालली तर कुणीतरी घरी येऊन बघून जातं. आमच्या मते खरं मोल त्या येण्याचं आहे. सात घरांचं वार लावताना जे आपोआप व्हायचं, पोर आज का आलं नाही हे विचारणं, ते आता गृहभेटीनं करायचं आहे.

आणि शेवटची कड अठराव्या वाढदिवसाची. बालगृहातलं मूल अठराचं झालं की कायद्यानं मोठं होतं. एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची तरतूद आहे, २०१८ पासून राज्यात अनाथांना १ टक्का समांतर आरक्षण आहे. पण सुट्टीला कुठं जायचं? भाड्याच्या खोलीला जामीन कोण राहणार? कागदावर पत्ता कुठला लिहायचा? आपल्या घरातला अठरा वर्षांचा मुलगा स्वतःची चड्डी-बनियन धुत नाही, आणि त्याच वयाच्या पोरक्या मुलाला आपण जगाच्या बाजारात एकटं उभं करतो.

मग शंभर वर्षांपूर्वीचं काय उचलायचं? जातवार रचना उचलायची नाही. तिची गरज त्या काळाच्या जेवणाच्या नियमांतून आली होती आणि भाऊरावांनी ती १९२४ सालीच ओलांडून दाखवली. उचलायची ती वाटणी. जागा आणि पैसा सरकारचा, रोजची नजर गल्लीची. कोल्हापूरला तालमी आहेत, मंडळं आहेत, बचतगट आहेत. गणपतीची वर्गणी ज्या यादीनं गोळा होते, त्याच यादीत एक रकाना वाढवता येईल: आपल्या भागात आईबाप नसलेलं, शाळा सुटलेलं मूल कुठल्या घरी आहे? त्या घराला बालसंगोपनाचा अर्ज भरून देणं, दाखले काढून देणं, जिल्हा महिला व बालविकास कार्यालयापर्यंत सोबत जाणं, हे दोन दिवसांचं काम आहे. एकटं, भेदरलेलं मूल दिसलं तर १०९८ हा क्रमांक फिरवायचा, हे शाळेतल्या प्रत्येक पोराला माहीत हवं. आणि ज्यांना छोटा उद्योग आहे, वर्कशॉप आहे, त्यांनी बालगृहातून बाहेर पडणाऱ्या एखाद्या मुलाला काम देताना दिवाळीला घरीही बोलवावं.

बावड्याच्या वाड्यातल्या मुलाला दत्तक घेताना संस्थानाला राजा हवा होता. त्या मुलाच्या नशिबानं त्याला माणसंही मिळाली. पुढे त्यानं हजारो पोरांच्या डोक्यावर छप्पर घातलं. आज ज्यांच्याकडून आपल्याला काहीच नको आहे, ना गादीला वारस, ना मत, ना मान, अशा मुलांच्या वाट्याला ती माणसं येतात का, हा बावड्याचा, कोल्हापूरचा आणि आपल्या प्रत्येकाच्या गल्लीचा प्रश्न आहे. येत्या २६ जूनला जन्मस्थळी जाल तेव्हा हार जरूर घाला. आणि परत येताना आपल्या वॉर्डातल्या एका तरी मुलाचं नाव माहीत करून घ्या.